विलोपनापूर्वीचा प्रश्न : संगणकीय आज्ञेतील पुष्टिप्रश्न आणि त्याची परीक्षा

१

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात गोदावरीच्या उत्तरेस जांब समर्थ हे गाव आहे. शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ मध्ये, येथील सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायण या नावाचा पुत्र जन्मास आला, तोच पुढे समर्थ रामदास या नावाने प्रसिद्धी पावला. त्याच्याविषयीची जी कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाली आहे, ती विवाहप्रसंगाची होय. बाराव्या वर्षी नारायण बोहल्यावर उभा राहिला, मंगलाष्टके सुरू झाली, ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच त्याने त्याचा अर्थ शब्दशः घेतला आणि तो मंडपातून निघून गेला, असे परंपरा सांगते. ही कथा बखरींतून व उत्तरकालीन चरित्रांतून आलेली असल्यामुळे तिच्या तपशिलास समकालीन पुराव्याचे बळ नाही. तथापि एखादी कथा घडली की नाही, या प्रश्नाहून ती लोकांनी शतकानुशतके का जतन केली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास कमी महत्त्वाचा नसतो.

या कथेचे मर्म असे की, इशारा सर्वांच्या कानी पडला होता, पण तो ऐकला एकानेच. ‘सावधान’ हा शब्द प्रत्येक विवाहात पुनःपुन्हा उच्चारला जातो. त्याच्या पुनरुक्तीमुळेच तो सूचना म्हणून उरला नव्हता, तो विधीचा नाद झाला होता. दुसरी गोष्ट अशी की, त्या शब्दानंतर उत्तराची वाट पाहण्याची पद्धत नव्हती. नकारास विधीत स्थान नव्हते, म्हणून परंपरेने नायकाला मंडपातून पळवावे लागले. अपरिवर्तनीय कृतीपूर्वी दिला जाणारा इशारा आणि त्याच कृतीपूर्वी विचारला जाणारा प्रश्न यांतील भेद येथे स्पष्ट होतो. इशारा उच्चारला की संपतो. प्रश्न मात्र उत्तर मिळेपर्यंत कृतीस थोपवून धरतो, आणि उत्तर नकारार्थी आल्यास ती कृती रद्द करतो.

संगणकावरील फाइल नष्ट करण्याच्या आज्ञेत जो ‘खरोखर काढावयाची काय?’ अशा स्वरूपाचा प्रश्न विचारला जातो, त्यास या लेखात ‘पुष्टिप्रश्न’ ही संज्ञा योजली आहे. मोडी कागदपत्रे, दफ्तरे व हस्तलिखिते यांच्या छायाप्रती आता संगणकीय संचयात राहू लागल्या आहेत, आणि एका ओळीच्या आज्ञेने त्यांतील सहस्रावधी पृष्ठे क्षणात नाहीशी होऊ शकतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा राहिलेला नाही. तो कसा जन्मास आला, आणि तो आपले काम करतो की नाही हे कसे पारखावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

२

आज्ञेतील एका अक्षराच्या फरकाने अनर्थ होण्याची कल्पना मराठी वाचकास नवी नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. रघुनाथरावांच्या पत्रातील ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ असे रूपांतर करण्यात आले, ही आख्यायिका त्या घटनेभोवती रूढ झाली, आणि ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार भाषेत कायमचा रुजला. अक्षर कोणी बदलले, किंबहुना ते खरोखर बदलले गेले काय, याचा निर्णय येथे करावयाचा नाही. लक्षात घेण्याजोगी बाब निराळी आहे. आख्यायिकेतील आज्ञा ज्यांच्या हाती पडली त्यांनी ती उलट विचारून पाहिली नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी केलेली चौकशी कृत्यानंतरची होती. तिने दोष ठरविता आला, पण झालेले कृत्य मागे घेता आले नाही. चौकशी आणि पुष्टिप्रश्न यांत हेच अंतर आहे.

संगणकाच्या आज्ञेतही अनर्थ अशाच लहान फरकातून उद्भवतो. युनिक्स या कार्यप्रणालीत फाइल काढून टाकण्याच्या आज्ञेचे नाव ‘आरएम’ असे आहे. ‘*.ओ’ असे जोडून लिहिले, तर ‘.ओ’ ने संपणाऱ्या फाइलीच जातात. तारकाचिन्ह आणि ‘.ओ’ यांमध्ये चुकून एक रिकामी जागा पडली, तर तारकाचिन्ह स्वतंत्र पद ठरते आणि त्या निर्देशिकेतील जवळजवळ सर्व फाइली विलोपनास पात्र होतात. विशेष हे की, तारकाचिन्हाचा विस्तार ‘आरएम’ करीत नाही. आज्ञा वाचणारा कवच-प्रोग्राम, ज्यास ‘शेल’ म्हणतात, तो तारकाचिन्हाच्या जागी फाइलींची नावे भरून मगच काम ‘आरएम’कडे सोपवितो. त्यामुळे ‘आरएम’च्या हाती नावांची एक यादी तेवढी येते. लिहिणाऱ्याने नावे एकेक करून लिहिली, की एका चिन्हाने सर्वांवर बोट ठेवले, हे तिला कळत नाही. याउलट एमएस-डॉस या प्रणालीत तारकांकित पद विलोपनाच्या आज्ञेपर्यंत जसेच्या तसे पोहोचत असे. म्हणून ‘सर्व फाइली काढा’ असे सांगितल्यास ती प्रणाली ‘खात्री आहे काय?’ असे विचारू शके. प्रश्न कोणी विचारावा, हे हेतूची माहिती कोणापाशी आहे यावर अवलंबून असते, हा बोध या दोन प्रणालींच्या तुलनेतून मिळतो.

३

युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीची पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या दिनांकाची आहे. तीत ‘आरएम’चे वर्णन असून, फाइल काढण्यासाठी ती ज्या निर्देशिकेत आहे तीवर लेखनाधिकार असला म्हणजे पुरे, प्रत्यक्ष फाइलीवर तो असण्याची गरज नाही, असा नियम सांगितला आहे. या नियमाचा परिणाम असा होई की, जी फाइल कोणी बदलू नये म्हणून मालकाने केवळ वाचनीय ठेवली असेल, तीही एका आज्ञेने नाहीशी होई. पुस्तिकेच्या कर्त्यांना हा विरोध जाणवला होता. त्यांनी प्रत्येक आज्ञेच्या शेवटी तिच्यातील ज्ञात दोष नमूद करण्याचा प्रघात ठेवला होता, आणि ‘आरएम’च्या दोषांत, केवळ वाचनीय फाइलीविषयी आज्ञेने बहुधा विचारणा करावयास हवी, अशी कबुली त्यांनी दिली. पुष्टिप्रश्न अशा रीतीने प्रथम एका मान्य केलेल्या उणिवेच्या रूपाने नोंदला गेला.

१९७५ च्या सहाव्या आवृत्तीत ही उणीव भरून निघालेली दिसते. लेखनाधिकार नसलेली फाइल काढावयाची असल्यास आज्ञा तिचे नाव व अधिकारांची स्थिती दर्शवून एक ओळ वाचीत असे. ती ओळ ‘वाय’ या अक्षराने सुरू झाली तर फाइल जाई, अन्यथा राही. त्याच आवृत्तीत ‘-एफ’ हा पर्यायही होता, आणि त्याचे काम ही विचारणा बंद करणे एवढेच होते. प्रश्नाबरोबरच प्रश्न टाळण्याची वाट अस्तित्वात आली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘-आय’ हा पर्याय आला आणि प्रत्येक फाइलीसाठी विचारणा करवून घेण्याची सोय झाली. त्याच पुस्तिकेत दोन टिंबांनी दर्शविली जाणारी वरची निर्देशिका काढण्यास मनाई केल्याचे नमूद आहे. टिंबाने सुरू होणारी नावे समूळ काढण्याच्या प्रयत्नात माणूस नकळत वरच्या निर्देशिकेत शिरून इतरांच्याही फाइली पुसू शके, म्हणून ही मनाई होती. येथे प्रश्न न विचारता सरळ नकार दिला आहे. जी कृती कोणत्याही शहाण्या हेतूने केली जाण्याचा संभव नाही, तिच्याविषयी विचारणा करण्यात अर्थ नसतो. पुढे २००६ मध्ये ग्नू प्रकल्पाच्या ‘आरएम’ने मूळ निर्देशिका समूळ काढण्यास नकार देणे हा आपला नित्याचा वर्ताव केला, त्यामागे हेच तत्त्व आहे.

१९९२ च्या पॉसिक्स मानकाने या वर्तनास नियमांचे रूप दिले. ‘-एफ’ नसताना ‘-आय’ दिला असेल, अथवा फाइलीवर लेखनाधिकार नसून आज्ञेस मिळणारा निवेश टर्मिनलवरून येत असेल, तर पुष्टिप्रश्न विचारला जावा. तो त्रुटिसंदेशांच्या प्रवाहात लिहिला जावा, नित्याच्या निर्गमप्रवाहात नव्हे. उत्तर होकारार्थी नसेल तर त्या फाइलीस हात लावू नये. शेवटच्या नियमाची शब्दयोजना अर्थपूर्ण आहे. फाइल राखण्यासाठी ‘नाही’ म्हणण्याची गरज नाही, ‘हो’ न म्हणणे पुरेसे आहे. रिकामी ओळ, असंबद्ध अक्षरे व निवेशाची समाप्ती या तिन्हींचा अर्थ नकारच होतो. संशयाचा फायदा फाइलीस मिळावा, असे हे न्यायतत्त्व आहे.

४

होकार कोणत्या शब्दाने ओळखावा, हे मानकाने भाषेवर सोपविले आहे. प्रत्येक भाषा-प्रदेशाच्या स्थानिक संचात होकारार्थी उत्तराचा साचा दिलेला असतो, आणि ग्नूच्या सी-ग्रंथालयात भारतातील मराठीसाठीही असा संच आहे. सहाव्या आवृत्तीप्रमाणे उत्तराचे पहिले अक्षर तेवढे पाहण्याची पद्धत मराठीस लावली, तर काय घडेल याचा विचार उद्बोधक ठरतो. ‘हो’ आणि ‘होय’ ही दोन्ही ‘ह’ने सुरू होतात, म्हणून ‘ह’ हे होकाराचे चिन्ह मानण्याकडे सहज कल होईल. परंतु ‘हं’ हा उद्गार पुष्कळदा संमतीचा नसून केवळ ऐकल्याची खूण असतो. ‘हरकत नाही’ हा होकार आहे, तर ‘हरकत आहे’ हा स्पष्ट नकार आहे. ‘हात लावू नका’ यातही पहिले अक्षर ‘ह’च येते. पहिल्या अक्षरावर विसंबणारे साधन या शेवटच्या दोन्ही उत्तरांचा होकार समजून फाइल पुसून टाकील. नकाराच्या बाजूने मात्र अडचण नाही. ‘नको’, ‘नाही’, ‘थांबा’, ‘राहू दे’ यांपैकी कोणतेही उत्तर आले तरी ते होकाराच्या साच्यात बसत नाही, म्हणून फाइल सुरक्षित राहते. यावरून असे दिसते की, अशा साधनाचे मराठीकरण म्हणजे प्रश्नाच्या वाक्याचे भाषांतर नव्हे. होकाराचा साचा जितका काटेकोर असेल, तितकाच तो प्रश्न विश्वासार्ह ठरतो.

५

आता परीक्षेकडे वळावयाचे. एखादे साधन पुष्टिप्रश्न विचारते, हे सिद्ध करण्यासाठी पडद्यावर प्रश्नाचे वाक्य उमटले एवढे पाहणे पुरेसे नाही. इतिहासाच्या पद्धतीत ज्यास हितसंबंधी साक्षीदार म्हणतात, त्याच्या जागी हे वाक्य आहे. साधन स्वतःविषयी जे सांगते त्याची खातरजमा स्वतंत्र पुराव्याने करावी लागते, आणि येथे तो पुरावा म्हणजे फाइलीचे अस्तित्व होय. म्हणून परीक्षेसाठी एक तात्पुरती निर्देशिका करावी, तीत एक फाइल ठेवावी, ‘-आय’ पर्यायासह आज्ञा द्यावी, नकारार्थी उत्तर पुरवावे, आणि त्यानंतर फाइल जागेवर असून तिचा मजकूर अबाधित आहे, हे पाहावे. नंतर हीच परीक्षा होकारार्थी उत्तराने करावी आणि फाइल गेली आहे याची खात्री करावी.

दुसरी परीक्षा पहिलीइतकीच आवश्यक आहे. निर्देशिकेवर लेखनाधिकार नसल्यामुळे फाइल जाणेच शक्य नसेल, तर नकाराची परीक्षा प्रश्नाविनाही उत्तीर्ण होईल आणि परीक्षक फसेल. सर्व परिस्थिती सारखी ठेवून उत्तर तेवढे बदलावे, आणि त्या बदलानेच फळ बदलले, तरच ते फळ उत्तराचे होय असे म्हणता येते. याच हेतूने, प्रश्न विचारण्याचा भाग मुद्दाम काढून टाकलेल्या साधनावर तीच परीक्षा चालवून ती अनुत्तीर्ण होते की नाही, हेही पाहावे. जी परीक्षा कधी अनुत्तीर्ण होऊच शकत नाही, तिच्या उत्तीर्णतेस काही मूल्य नाही.

यानंतर सीमेवरील प्रसंग येतात. रिकामी ओळ, निवेशाची समाप्ती, मोठ्या लिपीतील अक्षर, होकाराच्या अक्षराने सुरू होणारा पण निराळ्या अर्थाचा शब्द, असे प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे पारखावे. तीन फाइली देऊन अनुक्रमे होकार, नकार व होकार पुरवावा. पहिली व तिसरी गेली आणि मधली राहिली, तरच प्रत्येक उत्तर आपापल्या फाइलीस लागू झाले असे ठरते. ‘-आय’ आणि ‘-एफ’ हे दोन्ही पर्याय एकत्र आल्यास नंतर लिहिलेला प्रभावी ठरतो, म्हणून दोन्ही क्रम पाहावेत. निर्देशिका समूळ काढताना तीत शिरण्यापूर्वी एकदा आणि ती रिकामी झाल्यावर पुन्हा एकदा विचारणा होते. आतील एका फाइलीस नकार दिल्यास ती निर्देशिकाही टिकून राहिली पाहिजे.

दोन अडचणींचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. पहिली अडचण टर्मिनलची आहे. लेखनाधिकार नसलेल्या फाइलीविषयीचा प्रश्न निवेश टर्मिनलवरून येत असेल तरच विचारला जातो. परीक्षकाने उत्तरे दुसऱ्या प्रोग्रामकडून नळीवाटे पुरविली, तर प्रश्न उद्भवतच नाही आणि फाइल निमूटपणे जाते. यावर उपाय म्हणजे बनावट टर्मिनल उभारणे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेतील डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये तयार केलेले ‘एक्स्पेक्ट’ हे साधन याच तत्त्वावर चालते. ते माणसाच्या जागी बसून प्रश्नाची वाट पाहते आणि प्रश्न आल्यावरच उत्तर देते. दुसरी अडचण अधिकाराची आहे. सर्वाधिकारी वापरकर्त्यास कोणत्याही फाइलीवर लिहिता येते, म्हणून त्याच्या नावाने परीक्षा चालविल्यास लेखनाधिकाराच्या अभावावर आधारलेला प्रश्न निघतच नाही. ग्नूच्या परीक्षासंचात सर्वाधिकाऱ्याच्या नावाने चालल्यास स्वतःहून बाजूस होणाऱ्या परीक्षा आहेत, त्या यामुळेच. ज्याच्या हातून सर्वाधिक हानी होऊ शकते, त्यालाच सर्वांत कमी प्रश्न विचारले जातात, हा या व्यवस्थेतील विरोधाभास आहे.

६

असा प्रश्न सर्व परीक्षांत उत्तीर्ण झाला तरी एक शंका उरतेच, आणि ती यंत्राची नसून माणसाची आहे. अनेक ठिकाणी सर्वाधिकाऱ्यासाठी ‘आरएम’ हे नाव ‘-आय’सहित योजून ठेवतात. दहा फाइली काढणाऱ्यास दहा वेळा ‘वाय’ लिहावे लागते. थोड्याच दिवसांत बोटे प्रश्न वाचण्यापूर्वी उत्तर देऊ लागतात, किंवा माणूस कंटाळून ‘-एफ’ची सवय लावून घेतो. युनिक्समध्ये ‘येस’ नावाची एक आज्ञा आहे. थांबविले जाईपर्यंत ती होकाराची ओळ लिहीत राहते. प्रश्नांस होकार पुरविण्यासाठी तिचा उपयोग करतात. मराठीत ज्यास होयबा म्हणतात, त्याचे हे यांत्रिक रूप होय. जेफ रास्किन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द ह्युमेन इंटरफेस’ या ग्रंथात, नित्य विचारला जाणारा पुष्टिप्रश्न सवयीचा भाग बनून निष्फळ होतो, म्हणून कृती मागे घेण्याची सोय अधिक हितावह, असे प्रतिपादन केले आहे. मंगलाष्टकांतील ‘सावधान’ या शब्दाचे जे होते, तेच नित्याच्या प्रश्नाचे होते.

यावर शोधले गेलेले उपाय दोन प्रकारचे आहेत. एक उपाय म्हणजे प्रश्न विरळ व अवघड करणे. ग्नूच्या ‘आरएम’मध्ये तीनांहून अधिक फाइली काढताना, अथवा निर्देशिका समूळ काढताना, एकदाच विचारणारा पर्याय आहे. गिटहबसारख्या ठिकाणी एखादा संचय काढण्यापूर्वी त्याचे नाव स्वहस्ते लिहावे लागते, आणि त्यामुळे उत्तर देण्यासाठी प्रश्न वाचणे भाग पडते. दुसरा उपाय म्हणजे कृती परतविण्याजोगी करणे. १९८३ च्या ॲपल लिसा संगणकातील कचरापेटी, १९८४ चा मॅकिंटॉश आणि विंडोज ९५ मधील पुनर्वापरपेटी हे या मार्गाचे टप्पे होत. आज्ञेच्या ओळीवरील ‘आरएम’ला मात्र अशी पेटी नाही.

अखेरचे संरक्षण प्रतीचे असते. १९९८ मध्ये पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असता विलोपनाच्या एका आज्ञेने त्याच्या फाइली भराभर नाहीशा होऊ लागल्या. संस्थेच्या राखीव प्रती परत उतरवू जाता त्या निकामी असल्याचे आढळले. चित्रपटाच्या तांत्रिक प्रमुखांपैकी गॅलिन सुसमन यांनी घरून काम करण्यासाठी एक प्रत घरच्या संगणकावर ठेवली होती, तीवरून बहुतेक काम परत मिळाले. परत उतरवून पाहिलेली नसेल, तर प्रत आहे असे मानता येत नाही. प्रश्नाप्रमाणे प्रतीचीही परीक्षा घ्यावी लागते.

जांबच्या परंपरेत या विचारास आधार आहे. ‘दासबोधा’च्या अकराव्या दशकात हरिकथा व राजकारण यांच्या पाठोपाठ सर्व विषयांतील सावधपणास स्थान दिले आहे, आणि एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या निरूपणाने होतो. अक्षर कसे काढावे, ओळ कशी राखावी, ग्रंथ कसा टिकेल, याची तेथे चर्चा आहे. कल्याणस्वामींच्या हातची ‘दासबोधा’ची प्रत डोमगावच्या मठात जतन झाली, आणि धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांच्यासारख्या संशोधकांनी रामदासी बाडे मिळवून त्यांचे वाङ्मय प्रकाशात आणले. नकलून, पडताळून व निरनिराळ्या स्थळी ठेवून हे वाङ्मय वाचले.

सारांश, पुष्टिप्रश्नाची कसोटी त्याच्या उच्चारात नसून नकाराच्या परिणामात आहे. ज्या प्रश्नास ‘नको’ म्हटल्यावर फाइल जागेवर राहते, संदिग्ध उत्तराने जी जात नाही, आणि जो इतक्या वेळा विचारला जात नाही की त्याचे शब्द कानांस जाणवू नयेत, तोच प्रश्न खरा. दफ्तरांच्या संगणकीय प्रती हाताळणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने मूळ संचयास हात लावण्यापूर्वी आपले साधन तात्पुरत्या निर्देशिकेत नकार देऊन पारखावे, आणि राखीव प्रत एकदा तरी परत उतरवून पाहावी. कागद जाळताना निदान धूर दिसत असे. या विलोपनास धूरही नसतो.